फ्रिजवरचं बंदर

आमच्या फ्रिजच्या दारावर एक मॅग्नेट आहे. निळं पाणी, पिवळी वाळू, नाळ उंच काढलेली एक लाकडी होडी आणि खाली ठळक अक्षरांत 'फुकेत'. घरी आलेलं कुणी पाण्याचा ग्लास हातात घेऊन विचारतं, "अरे वा, थायलंड झालं वाटतं?" मी म्हणतो, "हो, क्रूझनं गेलो होतो." "कसं आहे फुकेत?" "छान आहे. पण गर्दी फार."

मी फुकेतला पाय ठेवलेला नाही. जहाजाच्या अकराव्या मजल्यावरून, पावसाच्या पडद्याआड एक करडी टेकडी दिसली, तेवढंच माझं फुकेत. मॅग्नेट जहाजावरच्याच दुकानात घेतलं, आणि तेही न झालेल्या बंदराच्या भरपाईपोटी खात्यात जमा झालेल्या पैशांतून. मग 'गर्दी फार' हे कुठून आलं? हैदराबादेत काचीगुड्याच्या घरात बसून मी ते बेमालूम जोडून दिलं. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भेटलेल्या एका मित्राला तर तिथल्या शहाळ्याचा भावही सांगितला.

खोटं लहान आहे, कुणाचं त्यात काही गेलं नाही. तरी हल्ली फ्रिज उघडताना ते मॅग्नेट नजरेत आलं की मी चटकन दुसरीकडे बघतो. कारण त्याच्यामागे मला मी दिसतो, जहाजाच्या काउंटरवर तळहात आपटणारा. त्या माणसाशी अजून माझं धड बोलणं झालेलं नाही. ते आज करून बघतो.

सिंगापूरहून निघायचं, पिनांग, फुकेत, एक दिवस नुसता समुद्र आणि परत सिंगापूर. चार रात्री. हैदराबादहून आम्ही बारा जण होतो, बहुतेक निवृत्त. पितृपंधरवड्याचे दिवस, म्हणून टूरवाल्यानं बरीच सवलत दिली होती. सप्टेंबरमध्ये त्या बाजूचा समुद्र कसा असतो, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. सवलत मिळाली की आपण प्रश्न विचारत नाही; प्रश्न राखून ठेवतो, नंतर भांडताना कामाला येतात.

पिनांगला जहाज थेट धक्क्याला लागलं. तिथल्या केक लोक सी देवळाच्या पायऱ्या मी हट्टानं चढलो. "साहेब अजून तरुण आहेत" असं कुणीतरी म्हटलं होतं, त्याची किंमत रात्री गुडघ्यानं वसूल केली. तो इतका ठणकत होता की पहाटे तीनपर्यंत मी छताकडे बघत पडलो होतो. उद्या फुकेतला उतरायचं, छोट्या बोटीत पाय टाकायचा, वाळूत चालायचं. कसं जमणार? आणि जमत नाही हे त्या अकरा जणांना सांगणार तरी कसं?

सकाळी सातला कॅप्टनची घोषणा झाली. फुकेतला पाटोंगच्या किनाऱ्यासमोर मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात नांगर टाकतात आणि छोट्या बोटींमधून माणसांना किनाऱ्यावर नेतात. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत लाटा त्या किनाऱ्यावर थेट येऊन आदळतात. आज त्या बोटी जहाजाला लावणं सुरक्षित नाही, सबब फुकेत रद्द, क्षमस्व.

आता खरं सांगायचं ते हे. ती घोषणा ऐकल्यावर माझ्या मनात उमटलेला पहिला शब्द होता, 'सुटलो'.

मी पाय लांब केले, उशी गुडघ्याखाली घेतली. दोनेक मिनिटं अगदी सुखात गेली. मग दुसरा शब्द आला, 'पैसे?'

केबिनमधून बाहेर पडलो तेव्हाही माझ्याजवळ राग नव्हता. तो मला लिफ्टमध्ये मिळाला. आत चार-पाच अनोळखी माणसं तावातावानं बोलत होती. पाचव्या मजल्यावर दार उघडलं तर आमची मंडळी घोळका करून उभी. मला बघताच एकजण म्हणाले, "साहेब, तुम्हीच बोला. तुम्हाला सवय आहे." निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत "साहेब, तुम्हीच बोला" असं मला कुणी म्हटलं नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा माझ्या आधी पाण्याच्या टँकरवाल्याचं ऐकतात. मी शर्टाची कॉलर सारखी केली. गुडघा, 'सुटलो', उशी, सगळं लिफ्टमध्येच राहिलं.

आणि मी बोललो. इंग्रजीत बोललो, कारण राग इंग्रजीत आला की त्याला हुद्दा येतो. काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा असेल. तीनदा "सॉरी सर" म्हणाला. मी त्याच्या मॅनेजरला बोलवायला सांगितलं, 'फ्रॉड' हा शब्द दोनदा वापरला आणि तळहात आपटला. मागून आमच्या लोकांनी माना डोलावल्या. तो मुलगा शांतपणे एवढंच म्हणाला की बंदराचा कर तुमच्या खात्यात परत जमा होईल, बाकी कराराप्रमाणे.

मी त्या वेळी नेमका कशासाठी भांडत होतो? फुकेतसाठी नव्हे, ते टळल्याचा मला आनंद झाला होता. पैशांसाठी म्हणावं, तर परत मिळणारी रक्कम किती असेल याचा अंदाज मला आधीच होता. मी एका अशा इच्छेच्या वतीनं भांडत होतो जी माझ्यात नव्हतीच. वकील जोरात, अशील गैरहजर! आणि समोर जो उभा होता त्यानं ना लाटा उठवल्या होत्या, ना निर्णय घेतला होता. तो फक्त हाताच्या अंतरावर होता.

'कराराप्रमाणे' हा शब्द मात्र मला लागला. जहाजाच्या तिकिटामागे जो लांबलचक करार असतो, त्यात हवामान किंवा सुरक्षिततेच्या कारणानं बंदर गाळण्याचा, क्रम बदलण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला असतो. मी तो वाचला नव्हता, नुसती टिकमार्क करून पुढे गेलो होतो. आणि मी कोण? छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. कर्जाच्या कागदांवर जिथं जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "इथं, इथं, आणि ही शेवटची." कुणी चष्मा लावून वाचायला लागला की मी घड्याळ बघायचो. व्याजदर बदलला की तेच गिऱ्हाईक लाल होऊन यायचं आणि मी शांतपणे म्हणायचो, "करारात आहे." त्या मुलाचा शांतपणा मला ओळखीचा वाटला. मात्र माझ्या शांतपणात जरा मजा असायची, त्याच्या शांतपणात ती नव्हती.

बँकेचा विषय निघाला आहे तर तेही उकरतो.

नोव्हेंबर महिना, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा. दुपारी दोनला पाच मिनिटं कमी. याकुतपुऱ्याहून बसनं आलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. डबा उघडायची वेळ झाली होती आणि त्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी होती, हेही मला आठवतंय. मी म्हटलं, "चाचा, लिंक डाउन है. कल आइए." लिंक व्यवस्थित चालू होती. ते बाकावर टेकले, घामानं भिजलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कोई बात नै साब, कल आतूं." आले दुसऱ्या दिवशी. दाखला दिला, सलाम करून गेले. त्यांनी माझ्या टेबलावर तळहात आपटला नाही. आपटला असता तर मी काय म्हटलं असतं, हे मला पाठ आहे. "आवाज़ नीचे."

मग कॅप्टननं जे खरं कारण सांगून केलं, त्यावर मी चिडलो. मी जे खोटं कारण सांगून केलं होतं, त्याचं काय?

वेळापत्रकाबद्दल तर मी बोलूच नये. आमच्या हैदराबादी बोलीत 'परसों' म्हणजे परवा असं कुणी समजू नये. तो मागच्या आठवड्यातला असतो, मागच्या वर्षातलाही असतो. 'पाँच मिनट' म्हणजे निघायचा विचार चालू आहे. इथं लग्नाची दावत नऊची असेल तर अकराला गेलेला माणूस लवकर आला म्हणून ओशाळतो. चार पिढ्यांपूर्वी आमचं घर परभणीहून इथं आलं. पुरणपोळी तशीच राहिली, पण घड्याळ आम्ही इथलं लावलं. साहित्याच्या कार्यक्रमाला मी अर्धा तास उशिरा जातो आणि वर म्हणतो, "सुरू कुठं झालंय अजून!" तोच मी पिनांगला जहाज वीस मिनिटं उशिरा लागलं तेव्हा सगळ्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवत होतो. वक्तशीरपणाचं तिकीट मी फक्त पैसे मोजले तिथंच काढतो, असं तर नव्हे?

खरं म्हणजे पाण्याचं वेळापत्रक निराळं असतं, हे हैदराबादच्या माणसाला शिकवायला नको. नागार्जुनसागरहून श्रीशैलमला कृष्णेतून, नल्लमलाच्या जंगलातून लाँच जाते. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, प्रवास पाच-सहा तासांचा. जलाशयात पुरेसं पाणी असलं तरच ती निघते. पाऊस पडतो कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, आणि त्यावर ठरतं इथल्या माणसाचं दिवाळीच्या सुट्टीतलं बुकिंग. ते आम्ही मुकाट स्वीकारतो, 'पानी नै है' म्हणून पुढल्या वर्षी बघतो. मग सिंगापूरच्या जहाजावर काय बदललं? पाणी तर तेच. बदलली ती माझ्या गळ्यातली प्लॅस्टिकची चकचकीत पट्टी आणि तिला अडकवलेलं कार्ड.

त्या दिवशी संध्याकाळी बायको खाली काउंटरजवळ जाऊन बसली. ती वेंगुर्ल्याची. जहाजावर प्रत्येकाच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. सकाळी माझा आवाज चढलेला असताना तिनं त्या काउंटरवरच्या मुलाचा बिल्ला वाचला होता, मी वाचला नव्हता. तो मुलगा सुटी झाल्यावर तिथून जाताना तिनं त्याला सरळ विचारलं, "खंयचो रे तू?"

तो दचकलाच. मग हसला. "कुडाळचो."

मी आलो तेव्हा दोघांचं माशांवरून चाललं होतं. मला बघून तो उठून उभा राहिला आणि पुन्हा 'सर' झाला. बायको म्हणाली, "अरे बस, ते काका तुझे." तो बसला नाही. सात महिने झाले होते त्याला जहाजावर, आणखी दोन राहिले होते. सुटीचा वार असा नसतोच, काम सातही दिवस. खलाशांसाठी २००६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात विश्रांतीचा हिशेब आहे: २४ तासांत किमान १० तास, आणि तेही दोन तुकड्यांत विभागलेले चालतात, फक्त एक तुकडा सहा तासांचा हवा. हे नंतर मला कळलं. बँकेत जेवणाची सुटी दहा मिनिटं कमी झाली तर आम्ही युनियनच्या फलकावर लिहायचो.

बायकोनं विचारलं, "मग तू बघितलंस का रे फुकेत?"

"तीनदा आलो काकू," तो म्हणाला. "अजून उतरूक नाय."

तो गेल्यावर मी तिला विनोदानं म्हटलं, "बघ, एवढं मोठं जहाज, आणि किनाऱ्यावर जायला होडी! असली कसली ही सोय?" ती म्हणाली, "म्हणजे पडावच की." तिची आई लहानपणी मुंबईहून वेंगुर्ल्याला बोटीनं यायची. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्यापर्यंत येतच नसे. लांब उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि पडाव जाऊन माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं उतरवून घ्यायचा. समुद्र खवळलेला असला की बोट बंदर न घेताच पुढे जायची. मग पुढच्या बंदराला उतरायचं आणि बैलगाडीनं मागं यायचं. पावसाळ्यात तर तिकडे बोटी बंदच. "आई कुणावर ओरडायची?" मी विचारलं. "समुद्रावर कोण ओरडतं?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "रामदास बुडाली तेव्हा आई नऊ वर्षांची होती. आमच्याकडे बोट बंद आहे म्हटलं की कुणी का म्हणून विचारत नसे." १७ जुलै १९४७, भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास. सहाशेहून जास्त माणसं गेली तिच्यात. सासूबाईंच्या पिढीचा धीर काही स्वभावानं आलेला नव्हता. तो त्यांनी किंमत पाहून शिकलेला होता.

आणि आपण? मी माझ्यापुरतं बोलतो. मी धोका नावाची गोष्ट तिकिटाच्या पैशात धरून टाकली आहे. पैसे दिले, म्हणजे समुद्राचंही काहीतरी बघून घेतलं असेलच कुणीतरी. मग तो खवळला की मला वाटतं, सेवेत कसूर झाली.

इथवर कबुली देताना मला जरा बरंच वाटत होतं. कबुलीतही एक ऐट असते, ती मी ओळखून आहे. म्हणून जी गोष्ट सांगायची टाळत होतो ती सांगतो.

जहाजावर रोजच्या रोज, माणशी ठरावीक रक्कम सेवेपोटी आपल्या खात्यात लागते. नोकरवर्गाला वाटायची टीप म्हणून. काउंटरवर सांगितलं तर ती काढतात. हे मला निघण्याआधीच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं होतं. मी पहिल्याच रात्री जाऊन ती काढून टाकली. पहिल्या रात्री! अजून कुणी नीट वाईट वागलंही नव्हतं. कारण विचारलं तर 'सेवा समाधानकारक नाही' म्हणायचं ठरवलं होतं, पण कुणी विचारलंच नाही. कुडाळच्या मुलाची ओळख झाली ती तिसऱ्या संध्याकाळी. त्यानंतर एक अख्खा दिवस आणि रात्र माझ्या हातात होती. ती रक्कम परत लावता आली असती, एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही लावली. मनाशी म्हटलं, आता लावली तर विचित्र दिसेल. उतरताना केबिन साफ करणाऱ्याच्या हातात दहा डॉलरची नोट ठेवली आणि कॉरिडॉरमधून निजामाचा वंशज असल्यासारखा चालत गेलो.

सकाळचा राग फुकेतसाठी होता असं कुणी म्हणालं तर मी कदाचित गप्प राहीन. पण टीप मी कशासाठी काढली होती? तिला तर समुद्राचं कारणही नव्हतं.

हैदराबादला परत आल्यावर मंडळींच्या आग्रहानं मी कंपनीला मेल लिहायला बसलो. विषय लिहिला: फुकेत बंदर रद्द केल्याबाबत. पहिल्या दोन ओळी झरझर उतरल्या. मग लिहिलं, 'त्यामुळे आमचे झालेले नुकसान पुढीलप्रमाणे', आणि खाली आकडा घातला, १. तिथं अडकलो. एकच्या पुढे काय लिहू? गुडघ्याला आराम पडला, हे? दुपारी डेकवर बायकोबरोबर पत्त्यांचे डाव झाले, कितीतरी वर्षांनी, हे? तोंडानं ओरडताना नुकसान सांगावं लागत नाही, आवाज पुरतो. कागदावर मात्र एकच्या पुढे काहीतरी खरं लिहावं लागतं. तासाभरानं मी तो मेल पुसला आणि ग्रुपवर टाकलं, 'पाठवला आहे, उत्तराची वाट पाहू.' म्हणजे आणखी एक खोटं. मोजत असाल तर हे तिसरं की चौथं.

तक्रार करूच नये, असं मला म्हणायचं आहे का? नाही. तसं म्हटलं तर आमच्या शहरातले निम्मे पूल, बोटी आणि लिफ्ट देवाच्या भरवशावर राहतील. तक्रार व्हायलाच हवी. पण माझी तक्रार होती ती कुणीतरी काहीतरी थांबवलं म्हणून. एका माणसानं हजारो लोकांची नाराजी पत्करून 'आज नाही' म्हटलं, आणि मी त्याला फ्रॉड म्हटलं. 'आज नाही' म्हणणाऱ्याला मी असाच वागवत राहिलो, तर उद्या ते म्हणेल कोण?

हा प्रश्न मला पडला तेव्हा मनात आला तो १५ सप्टेंबर २०१९ चा रविवार. गोदावरीला पूर आला होता. पापिकोंडलूचे डोंगर बघायला निघालेली रॉयल वसिष्ठ ही बोट कच्चुलुरूपाशी उलटली. बोटीत बरेच लोक हैदराबाद आणि वरंगळचे होते. २६ जण वाचले, बाकीचे गेले. बोट काकीनाड्याच्या धर्माडी सत्यम यांच्या तुकडीनं ३८व्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, नदीच्या तळातून वर काढली. ते सगळं आम्ही टीव्हीवर पाहत होतो आणि चहा पीत म्हणत होतो, असल्या पुरात बोट सोडलीच कशी?

त्या सकाळी त्या बोटीवर कोण काय म्हणालं, याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. गेलेल्या माणसांच्या तोंडी शब्द घालायचा मला अधिकार नाही, आणि त्यांनी चूक केली असं सुचवायचाही नाही. बोट सोडायची की नाही हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं. मी फक्त स्वतःला त्या घाटावर उभं करून बघतो. रात्रभर प्रवास करून मी आलोय, पैसे आधीच भरलेत, सोमवारी नातवंडांच्या शाळा आहेत. आणि बोटवाला म्हणतो, "आज नाही, पाणी चढलंय." मी काय म्हणालो असतो? माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी म्हणालो असतो, "आम्ही काय हैदराबादहून परत जायला आलोय?" मागून कुणीतरी म्हणालं असतं, "साहेब, तुम्हीच बोला." आणि मी बोलण्यात चांगला आहे. त्या बोटवाल्यानं कदाचित ऐकलंही असतं.

हे लिहिताना हात जरा थांबला.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचा आला होता, बायको-मुलांसह. त्यांना घेऊन लुंबिनी पार्कला गेलो, हुसेनसागरातल्या बुद्धाकडे जायला. बोट भरेपर्यंत सुटत नव्हती. "पाँच मिनट साब," तिकिटवाला म्हणाला. पाचाची पंधरा झाली. ऊन चढत होतं, भाच्याची मुलगी कुरकुरायला लागली आणि माझ्या घशाशी ते जुनं इंग्रजी वाक्य आलं. ते गिळलं, असं सांगितलं तर छान दिसेल. पण अर्धं बाहेर पडलंच. "हाऊ लाँग..." एवढं झालं आणि तिकिटवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. कुडाळच्या मुलासारखंच पाहिलं. बाकीचं मी गिळलं.

मग वेळ काढायला भाच्याच्या मुलीला बुद्धाची गोष्ट सांगितली. रायगीरजवळ एका अखंड दगडातून कोरलेली ही ५८ फुटी मूर्ती. १० मार्च १९९० ला तराफ्यावरून तळ्यातल्या खडकाकडे नेताना तराफा कलंडला आणि मूर्ती पाण्यात गेली. माणसंही गेली. मी तेव्हा तरुण होतो. सगळं शहर टँक बंडच्या कठड्यापाशी उभं राहून त्या सपाट पाण्याकडे बघायचं. १ डिसेंबर १९९२ ला मूर्ती वर आली. म्हणजे पावणेतीन वर्षं बुद्ध तळाशी आडवा पडून होता. मुलीनं विचारलं, "तो कंटाळला नाही?" मी म्हटलं, "त्याला कंटाळा येत नसावा." "मग तुम्हाला का येतो?" याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "बोट आली बघ." ती खरंच आली होती, नाहीतर आणखी एक खोटं माझ्या नावावर लागलं असतं.

मी बदललो आहे असं मला म्हणवत नाही. ते अर्धं वाक्य अजून घशात आहे. फार तर एवढं झालंय की तळहात उचलला जाण्याआधी एक प्रश्न मध्ये येतो: माझं नेमकं काय गेलं? एकच्या पुढे काय लिहिशील? कधी कधी लिहिण्यासारखं खरंच असतं, तेव्हा मी लिहितो, नाव-गाव-तारखेसह, ज्यानं ठरवलं त्याला. पण बहुतेक वेळा आकडाच उरतो आणि पुढची ओळ कोरी राहते.

परवा, म्हणजे आमच्या हैदराबादी अर्थानं परवा, शेजारचे राव घरी आले. पाणी पिता पिता त्यांनी फ्रिजकडे बघून विचारलं, "फुकेत कसं आहे हो?" मी एक क्षण थांबलो. म्हटलं, "उतरलोच नाही. समुद्र खवळला होता. आणि खरं सांगू का, माझा गुडघा दुखत होता, बरंच झालं. उगीच भांडलो मी तिथं."

राव हसले, त्यांना तो विनोद वाटला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात आली, ओले हात पदराला पुसत.

"हे त्या कुडाळच्या पोराला कोण सांगणार?" ती म्हणाली.